‘थांबवा’ म्हणणारी माणसं

जळगाव, रविवार रात्र.

अमेरिकन चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्याबद्दल आज लिहून ठेवायलाच हवं. त्यांची एक पद्धत दुपारी आम्ही भुसावळला वापरून पाहिली आणि माझं डोकं अजून त्या खोलीतच आहे.

ईबर्ट यांचा जन्म १९४२ चा. गाव इलिनॉयमधलं अर्बाना, वडील तिथल्या विद्यापीठात इलेक्ट्रिशियन. शाळेत असतानाच मुलगा तिथल्या वर्तमानपत्रात खेळाच्या बातम्या लिहायला लागला. १९६७ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’चा समीक्षक झाला आणि एप्रिल २०१३ मध्ये गेला तोवर त्याच पेपरात लिहीत राहिला. १९७५ मध्ये पुलित्झर हा अमेरिकेतला पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार मिळाला, चित्रपट समीक्षेसाठी पहिल्यांदाच. दुसरे समीक्षक जीन सिस्केल यांच्यासोबतचा टीव्हीवरचा कार्यक्रम आणि चित्रपट चांगला की वाईट हे सांगणारे ते वर-खाली होणारे अंगठे जगाला माहीत आहेत. मला त्यांत फार गोडी नाही. अंगठा दाखवून झालं की बोलणं संपतं, आणि समीक्षेत तर तिथून सुरू व्हायला हवं.

मला खरा भावतो तो शेवटच्या वर्षांतला ईबर्ट. कॅन्सरच्या शस्त्रक्रियांत २००६ मध्ये जबड्याचा भाग गेला, आवाज गेला, तोंडाने खाणंपिणं गेलं. तरी २०१२ या एका वर्षात त्यांनी ३०६ परीक्षणं लिहिली, सगळ्या कारकिर्दीत सर्वाधिक. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा त्यांना जिद्द दिसते. मला त्यात भूक दिसते. बोलता येत नाही म्हटल्यावर या माणसाला सिनेमाबद्दल आणखी बोलायचं होतं.

आणि कोलोरॅडोतल्या बोल्डर गावची ती सत्रं. तिथे ते अनेक वर्षं दरसाल जात. पहिल्या दिवशी पूर्ण चित्रपट, मध्ये कुणी बोलायचं नाही. पुढचे दिवस तोच चित्रपट पुन्हा, पण आता अंधारातून कुणीही ‘थांबवा’ म्हणावं, चित्र थांबायचं आणि जो थांबवेल त्याने आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. प्राध्यापक असो की घरी बसणारी आजी. एवढा नावाजलेला समीक्षक आणि निम्मा वेळ ऐकत बसलेला! मला तर त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा हे मोठं वाटतं.

आम्ही ‘भूमिका’ घेतला. १९७७ चा, श्याम बेनेगल यांचा. सिनेमातल्या नटी हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला, आणि स्मिता पाटील यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार देणारा. इकडच्या माणसांना स्मिता म्हणजे शिरपूरच्या घराण्यातली पोर, तेव्हा खोली भरणारच होती. गेल्या रविवारी सलग दाखवला होता. आज थांबवत-थांबवत.

सुरुवातीला सगळे संकोचले. रंगीत चित्र जाऊन काळं-पांढरं आलं, भूतकाळ सुरू झाला, आणि मागून आवाज आला, “थांबवा.” अप्पा. धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये ते ऑपरेटर होते, आता मुलाकडे भुसावळला असतात. उभं राहून अहिराणीत म्हणाले, “मनं लहानपन माले रंगीतच याद येस, ताई. मंग हिनं काळं-पांढरं का?”

मला उत्तराचा एक भाग माहीत होता, तो सांगितला. तेव्हा परदेशी रंगीत फिल्म मिळण्याची मारामार होती, त्यामुळे वेगवेगळी फिल्म वापरावी लागली आणि काळी-पांढरी भूतकाळासाठी ठेवली. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचं. पण कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, नायिकेचा भूतकाळ सिनेमातच गेला ना, आणि सिनेमा तेव्हा काळा-पांढराच होता. ती स्वतःचं आयुष्य सिनेमासारखंच आठवणार. खोलीत क्षणभर कुणी बोललंच नाही. कारण तुटवड्याचं असेल, पण पडद्यावर आल्यावर त्याचा अर्थ हा झालाय. मी या चित्रपटावर पूर्वी लिहिलंय, त्यात हे कुठेच नाही.

मग अप्पा सुटलेच. चित्रपट दाखवणारी दोन मशिनं, उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या, त्यांतलं अंतर सतत सांभाळायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका येतो. पहिला आला की दुसरं मशिन चालू, दुसरा आला की बदल. वर्षानुवर्षं त्यांनी खिडकीच्या चौकोनातून त्या कोपऱ्यावर नजर ठेवली. म्हणून आजही त्यांना कट आधी कळतो आणि चेहरा नंतर. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त सिनेमे बघितलेत. ते म्हणाले, बघितले नाहीत, चालवले. मला हे पटत नाही. इतकं लक्ष देऊन चालवणं म्हणजे बघणंच.

मला लोक विचारतात, समीक्षक व्हायचं तर मुंबईला का गेली नाहीस? तिथे चित्रपट लागायच्या आधीच पत्रकारांसाठी खास खेळ असतो, दिग्दर्शक भेटतात. इथे मी शुक्रवारी तिकीट काढून पहिला खेळ बघते, रिक्षात टिपणं काढते आणि पुरवणीची जागा जाहिरातींतून उरेल तेवढी भरते. हे सोपं नाही. पण माझा वाचक माझ्या मागच्याच रांगेत बसलेला असतो. कापूस विकून आलेला, नाही तर सुट्टीत लेकरांना घेऊन आलेली. तो कुठे हसला, कुठे मोबाईल काढला, हे मला दिसतं. ईबर्ट तारे देताना बघत की चित्रपटाने आपल्याच प्रकारच्या चित्रपटांमध्ये आपलं काम किती नेटाने केलं. विनोदी चित्रपटाला शोकांतिकेच्या मापाने मोजू नये. मी तारे देणं सोडलंय, तरी ही शिस्त त्यांच्याकडून घेतलीय आणि ती मला इथे, या गर्दीत बसूनच नीट समजली.

दुपारी अर्धा चित्रपटसुद्धा झाला नाही. तीन तास कसे गेले कळलं नाही, बाहेर उन्हाचा कहर होता आणि कुणी उठायला तयार नव्हतं. पुढच्या रविवारी तिथूनच पुढे. त्या मुलीने विचारून ठेवलंय, नायिका स्वतःच्या मर्जीने पहिला निर्णय नेमका कुठल्या दृश्यात घेते? आम्हा दोघींची दृश्यं वेगळी आहेत.

रविवारच्या स्तंभात अप्पांचा प्रश्न घ्यायचा आहे, अहिराणीतच, जसाच्या तसा. उद्या सकाळी फोन करून विचारते, नाव छापू का.