तुम्ही विचारलंत म्हणून: भूत नाही म्हणता, मग त्या हॉटेलात काय शोधता?

हा प्रश्न मला साताऱ्याहून फोनवर येतो आणि इथे कोलोरॅडोत गणपतीच्या जेवणाच्या रांगेतही येतो. विचारणाऱ्याचा सूर कधी कुतूहलाचा असतो, कधी जरा दुखावलेला. "अंनिसच्या शिबिरांत वाढलेली मुलगी तू, आणि पैसे भरून भुताच्या हॉटेलात राहतेस?" उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हॉटेल म्हणजे एस्टेस पार्कमधलं स्टॅन्ली हॉटेल. एस्टेस पार्क हे रॉकी पर्वतातलं सहा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, आमच्या फोर्ट कॉलिन्सपासून तासाभरावर. फ्रीलन ऑस्कर स्टॅन्ली हा वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवणाऱ्या जुळ्या भावांपैकी एक. क्षयाने खंगलेला असा तो १९०३ मध्ये इथे आला, इथल्या हवेने सावरला आणि १९०९ मध्ये त्याने हे पांढरंशुभ्र हॉटेल उघडलं. १९७४ च्या शरद ऋतूत स्टीफन किंग हा अमेरिकन भयकथाकार पत्नीसह २१७ नंबरच्या खोलीत उतरला. हंगाम संपत आल्यामुळे हॉटेल जवळजवळ रिकामं होतं. त्या मुक्कामातून सुचलेली 'द शायनिंग' ही कादंबरी १९७७ मध्ये आली, आणि तेव्हापासून या इमारतीची ओळखच बदलली. आज तिथे रात्री भुतांची सहल निघते आणि २१७ मिळवायची तर कित्येक महिने आधी सांगावं लागतं.

आता माझं मूळ सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. कॉलेजात असताना मी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, म्हणजे अंनिसच्या, कार्यकर्त्यांबरोबर भानामती झालेल्या घरी जायचे. घरावर दगड पडतायत, दांडीवरचे कपडे आपोआप पेटतायत, अशी घरं. तिथे गेल्यावर जाणती माणसं आधी छपराकडे बघत बसायची नाहीत. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बसून बोलायची, आजीपासून शाळेतल्या पोरापर्यंत. दगड कुठून येतो यापेक्षा दगड पडायला लागला तेव्हा घरात काय चाललं होतं, हे विचारायची. बहुतेक वेळा हात घरातल्याच कुणाचा तरी निघायचा आणि त्या हातामागे मोठं दुःख असायचं. म्हणून त्या माणसाचं नाव गावात कधी सांगायचं नाही, हा नियम होता. दाभोलकर सरांच्या चळवळीतली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. चमत्काराला आव्हान द्यायचं जाहीरपणे, पण घाबरलेल्या माणसाला सांभाळायचं खाजगीत.

स्टॅन्लीत मी तोच धडा घेऊन जाते. आधी माणसं, मग भिंती.

सर्वांत गाजलेली खोली २१७, आणि तिथली गोष्ट एका सफाई करणाऱ्या बाईची. हॉटेलात वीज होती, पण जोडीला ॲसिटिलीन वायूच्या दिव्यांचीही सोय होती. २५ जून १९११ रोजी वायू गळून खोलीत साठला होता. ती दिवा लावायला गेली आणि स्फोट झाला. जमीन फुटली, ती खालच्या मजल्यावर कोसळली. आज सांगतात की तीच अजून त्या खोलीत फिरते, पाहुण्यांचे कपडे घड्या करून ठेवते, सामान लावते. आणि अविवाहित जोडपं पलंगावर असेल तर मधे येऊन झोपते, असंही.

पण ती त्या स्फोटात मेली नाही. जखमी झाली आणि वाचली. जुनी वर्तमानपत्रं पाहायला लागले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: वेगवेगळ्या पत्रांनी तिची वेगवेगळी नावं छापली होती. आता सांगितलं जाणारं 'एलिझाबेथ विल्सन' हे त्यातलं एकच. एवढ्या मोठ्या अपघाताची बातमी झाली, पण ज्या बाईला तो झाला तिचं नाव नीट लिहून घेण्याची गरज कुणाला वाटली नाही. आणि नंतर तिला कायमची त्याच नोकरीवर ठेवलं, मेल्यावरसुद्धा. ती आजही इतरांचे कपडे घड्या करते आहे, ही कल्पना लोकांना गोड वाटते. मला त्या कल्पनेचा राग येतो.

४०१ नंबरच्या खोलीत लॉर्ड डनरेव्हन दिसतो म्हणतात. हा आयर्लंडचा जमीनदार १८७२ मध्ये इथे आला आणि सगळं खोरं शिकारीसाठी आपल्या ताब्यात घेऊ पाहत होता. पण हॉटेल उभं राहण्याच्या कितीतरी आधी तो इथून कायमचा निघून गेला, आणि १९२६ मध्ये वारला. ज्या इमारतीत तो कधी राहिलाच नाही, तिथे त्याचं भूत कसं? उत्तर सोपं आहे: गावाला तो आवडत नव्हता. बायकांच्या केसांना हात लावणारा, कपाटात लपणारा असा हा उमराव गावाने स्वतः घडवला आहे. चौथ्या मजल्यावर मुलं धावण्याचे आवाज येतात म्हणतात. तिथे पूर्वी पाहुण्यांच्या आया, मुलं आणि नोकर राहायचे, हे खरं. पण आजही त्या मजल्यावर मुलंबाळं घेऊन कुटुंबं उतरतात.

माणसांच्या गोष्टी तपासल्या की यंत्रांकडे वळायचं. चुंबकीय क्षेत्र मोजणारी हातातली दिवेवाली यंत्रं मोबाईल जवळ आला तरी उजळतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. फोटोतले तेजोगोल म्हणजे भिंगाजवळची धूळ फ्लॅशने उजळलेली. स्टॅन्ली बंधूंनी पहिला पैसा मोटारींत नव्हे, फोटोच्या काचपट्ट्यांच्या धंद्यात कमावला होता. ते आज असते तर त्यांनी हे पहिल्या नजरेत ओळखलं असतं.

एका पद्धतीवर मात्र मी बरेच कष्ट घेतले, कारण ती याच हॉटेलात जन्मली. तिचं नावच 'एस्टेस मेथड'. २०१६ मध्ये इथल्या तपासकांनी ती सुरू केली. एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि कानांवर बाहेरचा आवाज तोडणारे हेडफोन चढवायचे. हेडफोनमध्ये असा रेडिओ, जो कुठल्याही स्टेशनवर न थांबता एकामागून एक फ्रिक्वेन्सी ओलांडत राहतो. त्या खरखरीत जो शब्द ऐकू येईल तो त्याने मोठ्याने बोलायचा. बाकीचे प्रश्न विचारतात, पण ते त्याला ऐकू जात नाहीत. मला ही कल्पना मनापासून चांगली वाटते. ऐकणाऱ्याला प्रश्न कळू नये, ही काळजी बऱ्याच भूतशोधकांनी कधी घेतलीच नव्हती.

मी पट्टी बांधून बसले तेव्हा मला 'थांब' ऐकू आलं. मग 'आत ये'. मग कुणीतरी 'माई' म्हणालं. स्पष्ट, मराठीत. अंगावर काटा आला, हे मी कधीच नाकारलेलं नाही. पण इकडच्या रेडिओवर मराठी कोण बोलणार? इंग्रजी गाण्यांचे आणि जाहिरातींचे अर्ध्या सेकंदाचे तुकडे येत होते, आणि माझा मेंदू त्यांना घरच्या भाषेत जोडत होता. माझ्याआधी बसलेल्या टेक्सासच्या बाईंना त्याच खोलीत, त्याच यंत्रावर सगळं इंग्रजीच ऐकू आलं होतं.

राहिला प्रश्न उत्तरं जुळण्याचा. "तू कोण?" विचारलं आणि 'माई' आलं, तर खोलीतले सगळे श्वास रोखतात. म्हणून आम्ही ध्वनिमुद्रण ऐकून शब्द वेळेसकट लिहून काढले. त्यांच्यासमोर एकदा खऱ्या प्रश्नांची यादी मांडली, एकदा दुसऱ्याच रात्रीची. दोन्ही कागद तिथे न आलेल्या मैत्रिणीला दिले आणि विचारलं, यातली खरी जोडी कुठली? तिला ओळखता आली नाही. चुकीच्या यादीतही 'थांब' हे कुठल्या ना कुठल्या प्रश्नाचं झकास उत्तर होतं. पद्धतीचं कुलूप ऐकणाऱ्याच्या बाजूला चांगलं आहे, पण जुळवणाऱ्यांच्या बाजूचं दार सताड उघडं राहतं.

"मग लोकांना जे जाणवतं ते खोटं का?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. नाही, अजिबात नाही. रात्री जाग आली, हातपाय हलेनात, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटलं, हे सांगणारे पाहुणे मला भेटले आहेत आणि ते खरं सांगत होते. एस्टेस पार्क समुद्रसपाटीपासून जवळपास २,३०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. किनाऱ्यावरच्या शहरातून विमानाने येऊन त्याच दिवशी इथे झोपणाऱ्याची झोप तुकड्यातुकड्यांची होते, श्वास कधी खोल कधी उथळ चालतो, मधेमधे दचकून जाग येते. आणि स्वप्नातून अर्धवट जाग आली की शरीर लुळंच राहतं, डोळ्यांपुढे स्वप्न चालू राहतं. त्याला निद्रापक्षाघात म्हणतात. कोकणात त्या जागी एखाद्याला वेताळ दिसेल, इथे टोपीवाला उमराव दिसतो. शिवाय पाहुणा खोलीत शिरण्यापूर्वीच त्याला सगळं सांगितलेलं असतं. लंडनमधल्या संशोधकांनी मुद्दाम एक 'झपाटलेली' खोली बनवून चुंबकीय क्षेत्रं आणि कानाला न ऐकू येणारा ध्वनी लोकांवर सोडून पाहिला होता, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. यंत्रं चालू होती की बंद, याने फरक पडला नाही. इथे काहीतरी विचित्र वाटू शकेल, असं लोकांना आधी सांगितलं होतं आणि बऱ्याच जणांना तसं वाटलंही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, हॉटेल बाजूला ठेवून. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या एका नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात एका कुटुंबाची हकिकत छापून आली: घरात पावलं वाजायची, माणसं दिसायची, मुलं फिकट पडत चालली होती. कारण निघालं बिघडलेली भट्टी आणि तिच्यातून घरात पसरणारा कार्बन मोनॉक्साइड. आपल्याकडे बंद न्हाणीघरातला गॅस गीझर हाच वायू सोडतो आणि त्याने माणसं जातात. घरात एकाहून अधिक जणांना डोकेदुखी, चक्कर, भास होत असतील तर मांत्रिकाच्या आधी, माझ्यासारखीच्याही आधी, खिडक्या उघडा, गीझर बंद करा, दवाखाना गाठा.

तुम्ही कधी स्टॅन्लीत राहिलात तर एवढं करा: गोष्टी ऐकण्याआधी झोपा, आणि सकाळी एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येकाने आपापलं लिहून काढा. मला ते कागद पाठवा. त्यात मला खरोखर रस आहे.

आणि मी पुन्हा का जाते? २१७ मधल्या त्या सफाई करणाऱ्या बाईसाठी. १९१० ची अमेरिकेची जनगणना एप्रिलमध्ये झाली. उन्हाळ्यात भरणारं हॉटेल तेव्हा बंद, म्हणजे हंगामी नोकर त्या यादीत भलत्याच गावी, भलत्याच घरात नोंदलेले असणार. कोलोरॅडोची जुनी वर्तमानपत्रं आता बरीचशी संगणकावर वाचता येतात, पण छापलेल्या नावांपैकी एकाचाही धागा मला अजून पक्का जोडता आलेला नाही. १९११ नंतरच्या लग्नाच्या नोंदी पाहायच्या राहिल्या आहेत. आडनाव बदललं असेल तर ती तिथेच सापडेल.