शाळेत बेन, आजीकडे बेनी

"आजी, बेनी नाही, बेन म्हणतात!"

माद्रिदच्या बागेत आज एक चिमुरडी आजीची शिकवणी घेत होती. आजी अर्जेंटिनाची, बोलण्यावरून लगेच कळतं. ती नातीला तिकडच्या स्पॅनिशमध्ये 'बेनी', म्हणजे 'ये', म्हणून हाक मारत होती. स्पेनमध्ये त्यालाच 'बेन' म्हणतात.

आजी शांतपणे म्हणाली, "शाळेत बेन. माझ्याकडे बेनी. चल, जॅकेट घाल." तेही तिनं तिकडच्याच थाटात सांगितलं: पोनेते! इथली आई 'पोन्ते' म्हणाली असती.

मला हसूच आलं. दी, आथ, बे, पोन, साल, से, तेन, बेन. सांग, कर, जा, ठेव, नीघ, हो, धर, ये. ही नियम मोडणारी आठ आज्ञार्थी रूपं आम्ही स्पॅनिशच्या क्लासमध्ये पाढ्यांसारखी घोकली. आणि बुएनोस आयरेसमध्ये त्यातली बहुतेक चक्क सरळ होतात! मूळ क्रियापदाचा शेवटचा 'र' काढा, शेवटच्या स्वरावर जोर द्या: देसी, पोने, साली, तेने, बेनी. 'जा' तेवढं हट्टी, तिथे दुसऱ्याच क्रियापदाचं 'अंदा' वापरतात.

गंमत म्हणजे स्पेनमध्येही मित्रांच्या घोळक्याला सांगायचं तर 'र'च्या जागी 'द' आला की काम झालं. बेनीद, पोनेद. सगळी वाकडी रूपं एकट्या, जवळच्या माणसासाठी. दिवसभर तोंडात असलेले शब्दच झिजणार ना?

माझी वऱ्हाडी आजी 'येजो', 'करजो' म्हणायची. पुण्यातली नातवंडं तिला सुधारायची, ती ढिम्म.

तुमच्याकडे कोण कोणाला सुधारतं?