तळटीपेतलं शेत

शोधनिबंध सोमवारी जमा करायचा होता. शनिवारी दुपारी माझी विद्यार्थिनी अंबड एमआयडीसीतली फर्स्ट शिफ्ट उरकून, प्रिंट घेऊन थेट इतिहास विभागात आली. "मॅडम, फक्त शुद्धलेखन बघा, बाकी सगळं झालंय." हे मी दरवर्षी ऐकते.

विषय छान होता: नाशिक परिसरातून नहपान या शक क्षत्रपाची, म्हणजे राज्यकर्त्याची, सत्ता कशी गेली. पण सुरुवातीची पानं गोदावरी, पंचवटी आणि सातवाहनांची वंशावळ यांतच खर्ची पडलेली. तिच्या हातात पेन्सिल देऊन म्हटलं, प्रत्येक परिच्छेद काय सिद्ध करतो ते समासात एका ओळीत लिही. नाही जमलं तर फुली. फुल्या भराभर पडल्या. चेहरा उतरला तिचा. शिफ्ट सांभाळून लिहिलेलं असतं हो ते.

खरी गोम पुढे होती. सगळा डोलारा पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात असलेल्या गौतमी बलश्रीच्या लेखावर उभा होता. त्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा म्हटलंय. हिने लिहिलं होतं, 'समकालीन पुरावा'.

"लेख कधीचा आहे?"

"पुळुमावीचं 19वं वर्ष..." म्हणता म्हणता ती थांबली. पुळुमावी गौतमीपुत्राचा मुलगा. म्हणजे गेलेल्या राजाचं त्याच्या आईने, बलश्रीने, कोरवून घेतलेलं गुणगान.

"मग ते खोटं का, मॅडम?"

"खोटं कशाला? पण पंचनामाही नाही. नातवाच्या राज्यात आजीला मुलगा कसा आठवायला हवा होता, ते त्यातून कळतं. तसंच लिही."

मग त्या काळातलं हाताशी काय उरलं? 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला सापडलेली नहपानाची चांदीची नाणी. 13 हजारांहून जास्त, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला. एवढा ऐवज तिने शेवटून दुसऱ्या पानावर 'तसेच' म्हणून टाकला होता! आणि एका तळटीपेत, बारीक टायपात, त्याच लेण्यातला गौतमीपुत्राचा 18व्या वर्षाचा हुकूम: उषवदाताकडे असलेलं 200 निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्यावं, असा गोवर्धनच्या, म्हणजे नाशिकजवळच्या तेव्हाच्या प्रशासकीय केंद्राच्या, अमात्याला. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. जावयाची जमीन दुसराच राजा वाटतोय, याहून बोलका पुरावा कुठला?

संध्याकाळपर्यंत क्रम उलटला. आधी शेत, मग नाणी, बलश्री शेवटी. निष्कर्षातला 'शकांचा समूळ नाश' काढून 'गोवर्धन परिसरावरचा क्षहरातांचा ताबा संपला' असं केलं, कारण पुढे चष्टनाच्या, म्हणजे दुसऱ्या शक घराण्यातले क्षत्रप पश्चिमेत राज्य करतच राहिले. शुद्धलेखन राहिलंच होतं. युनिकोडमध्ये बदलताना फुटलेले रफार तिने घरी नीट केले.

पानं मात्र कमी भरली. तिला वंशावळ परत घालायची होती. मी नाही म्हटलं. त्याऐवजी शेताच्या हुकुमाचं पूर्ण वाचन परिशिष्टात घालायला लावलं.