४८ मिलिमीटरमधला कूलर: ३७ की ४७?

मागच्या नोंदीपर्यंत छोट्या संगणकाची केस आणि बोर्ड जोडून झालं होतं. त्यानंतरचा सगळा वेळ प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरने खाल्ला. नव्याने वाचणाऱ्यांसाठी सामान सांगतो: रायझन ७ ७७०० प्रोसेसर, मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचा) बोर्ड आणि सँडविच पद्धतीची केस, म्हणजे बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून. प्रोसेसरच्या माथ्यापासून बाजूच्या जाळीपर्यंत जागा ४८ मिमी. प्रोसेसरसोबत आलेला कूलर, रेथ प्रिझम, याच्या जवळपास दुप्पट उंच, त्यामुळे तो खोक्यातच राहिला.

हाताशी दोन कूलर होते. नॉक्टुआचा एनएच-एल९ए-एएम५, पंख्यासकट ३७ मिमी, दोन हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या). आणि थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७, नावाप्रमाणे ४७ मिमी, चार हीटपाइपचा. दोघांवर ९२ मिमीचा पातळ पंखा. कागदावर निकाल लागलेलाच आहे: जास्त उंच, जास्त पाइप, जास्त फिन्स (उष्णता हवेत सोडणारे पातळ पत्रे). पण ४८ मधून ३७ वजा केले तर ११ उरतात, ४७ वजा केले तर १ उरतो, आणि खरी गंमत त्या उरलेल्या जागेत आहे.

आधी वॅटचा हिशेब. ७७०० वर ६५ वॅट टीडीपी, म्हणजे उष्णतेचा अधिकृत आकडा, छापलेला असतो, पण सॉकेटला मिळणारी मर्यादा, म्हणजे पीपीटी, ८८ वॅट. कूलर निवडताना ८८ धरायचे. आता ८८ वॅट उष्णता घेऊन हवा १० अंशांनी तापली पाहिजे असं मानलं, तर सेकंदाला साधारण ७.३ लिटर हवा फिन्समधून जावी लागते. पंखेवाल्यांच्या भाषेत साडेपंधरा सीएफएम (मिनिटाला घनफूट). आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण पातळ पंख्याचा खोक्यावर छापलेला प्रवाह हा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. दाट फिन्स, त्यांच्या खाली दोन बोटांवर बोर्ड आणि वर जाळीचा पत्रा, एवढं लावल्यावर त्यातला किती शिल्लक राहतो ते पंख्याच्या दाबावर ठरतं, आणि दाब हाच पातळ पंख्यांचा कच्चा दुवा.

पहिली पाळी एल९एची. खोलीचं तापमान २७ अंश, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं. बाजूचा पत्रा काढलेला असताना सगळं सुरळीत. पत्रा लावला की काही मिनिटांत ९५ अंश, म्हणजे या प्रोसेसरची कमाल मर्यादा, आणि घड्याळ, म्हणजे प्रोसेसरचा वेग, हळूहळू खाली. टिश्यू पेपरची बारीक पट्टी कापून पंख्याच्या कडेशी, पत्र्याच्या आतल्या बाजूने धरली. पट्टी बाहेर फडफडायला हवी होती असं नाही, पण ती पंख्याकडे खेचली गेली, तीही जाळीच्या दिशेने नाही, बाजूने. म्हणजे पंखा जाळीतून ताजी हवा घेण्याऐवजी त्या ११ मिमीच्या फटीतून केसमधलीच तापलेली हवा ओढत होता. त्याला दोष कसा देणार? जाळीच्या भोकांतून येण्यापेक्षा बाजूने येणं हवेला सोपं पडतं.

इलाज स्वस्त आहे. ईव्हीए फोमची चौकट, मध्ये पंख्याच्या तोंडाएवढं गोल भोक, जाडी फटीपेक्षा किंचित जास्त, म्हणजे पत्रा बसवल्यावर फोम दाबला जाऊन कडा बंद होतात. (नॉक्टुआचं याच कामासाठीचं एनए-एफडी१ नावाचं तयार किट मिळतं. पट्ट्या एकावर एक रचून उंची जुळवता येते.) भोक कापताना कड पंख्याच्या पात्यांवर येऊ देऊ नका. दोन मिमी जरी आत आली तरी शिट्टीसारखा आवाज सुरू होतो. फोम लावल्यावर तेच काम, तीच खोली, तोच ८८ वॅट: तापमान ८९ वर स्थिरावलं. धातूचा एक ग्रॅमही न वाढवता.

मग एक्स४७. फट जवळजवळ नाही, म्हणून डक्टची, म्हणजे अशा फोमच्या चौकटीची, गरजच नाही, आणि तापमान ८१. इथे नोंद संपायला हवी होती. पण आवाज! पात्यांसमोर एक मिमीवर जाळी आली की हवा आत शिरतानाच फाटते, आणि प्रत्येक पातं त्या खळबळीतून जाताना ठोका देतं. सात पाती आणि मिनिटाला २४०० फेरे धरले तर सेकंदाला २८० ठोके. कानाला तो सलग 'घूं' ऐकू येतो. डेसिबलमध्ये फार नसेल, पण रात्री लिहीत बसलं की डोकं उठतं. इकडे आड, तिकडे विहीर.

पंखा उलटा करून पाहिला, हवा बाहेर फेकणारा. जाळी आता पंख्याच्या मागच्या अंगाला आली, आणि घूं लगेच कमी झाला, कारण आत शिरणारी हवा मोकळी मिळाली तर पंखा शांत असतो. बाहेर पडताना अडथळा आला तर तितकं बिघडत नाही. प्रोसेसरचं तापमान दोन-तीन अंशांनी वाढलं, ते चाललं असतं. पण खाली फुंकणाऱ्या कूलरचा एक फुकटचा फायदा असतो: व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डवरचा भाग), रॅम आणि बोर्डवरच्या एम.२ एसएसडीलाही वारा लागतो. उलट्या पंख्यात तो गेला, आणि मोठ्या फाइली हलवताना एसएसडी चांगलीच तापू लागली. परत सरळ केला.

इथे एक विषय काढतोच, कारण तो दर वेळी निघतो: एक्स४७ ची पूर्ण तांब्याची आवृत्ती घ्यावी का? तांब्याची उष्णतावाहकता ४०० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, अॅल्युमिनियमची २३५च्या. पण फिन्स इतक्या आखूड असतात की अॅल्युमिनियमच्या फिनमध्येही उष्णता टोकापर्यंत सहज पोचते. अडतं ते फिनकडून हवेकडे जाताना. तिथे तांबं काय करणार? वजन मात्र तिपटीहून जास्त. दिसायला सुंदर, हे मान्य. तेवढ्यासाठी घेणार असाल तर जरूर घ्या.

शेवटी गाडी रुळावर आली ती बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंग्जमध्ये. पीपीटी ८८ वरून ७०, कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) सगळ्या कोरना उणे २०. सिनेबेंचचे गुण चार-पाच टक्क्यांनी घटले, आणि एल९ए फोमसकट ७६ अंशांवर आला. उणे ३० वर मशीन रिकामं बसलेलं असताना रीस्टार्ट व्हायचं. भाराखाली मात्र ठणठणीत, म्हणून हा दोष नुसत्या सिनेबेंचने पकडता येत नाही. रात्रभर काहीही न करता चालू ठेवून बघा.

तापमान उतरल्यावर पंख्याचा वेग किती उतरवता येतो ते महत्त्वाचं, कारण त्याचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो. २५०० वरून २००० फेऱ्यांवर आलं की जवळपास ५ डेसिबल उतरतात. हवा मात्र फक्त पाचव्या हिश्श्याने कमी होते. हा सौदा मी कधीही करेन.

तर सध्या केसमध्ये एल९ए आहे, फोमची चौकट आहे आणि ७० वॅट आहेत. फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल ती रेषा) ६० अंशांपर्यंत सपाट ठेवला आहे, कारण ब्राउझरची एक टॅब उघडली तरी रायझन क्षणभर पंधरा अंश उसळतो आणि त्यामागे पंखा धावायला लागला तर दिवसभर वर-खाली ऐकत बसावं लागतं. ६० नंतर चढण, ८५ ला पूर्ण वेग, आणि वेग बदलायला तीन सेकंदांचा उशीर. एक्स४७ विकत नाही. ५५ मिमी जागेच्या केसमध्ये, ८ मिमीच्या डक्टसह तो एल९एला सहज मागे टाकेल असा माझा अंदाज आहे. तशी केस कोणाकडे असेल तर पत्रा लावून आणि काढून, दोन्ही आकडे खोलीच्या तापमानासह कळवा.