धुरक्याची शिवण

काही शब्दांची शिवण वरूनच दिसते. ‘ब्रंच’ तसा आणि ‘स्मॉग’ही तसाच: स्मोकचं डोकं नि फॉगचं शेपूट. आपल्या ‘धुरक्या’त मात्र धूर कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं, ते मला अजून सापडलेलं नाही. दोघेही ‘ध’च्या घरचे, म्हणून असेल.

स्मॉगच्या बारशाचा मान लंडनच्या डॉ. हेन्री दे व्हो यांना देतात. साल १९०५. कोळशाच्या धुराविरुद्ध झटणाऱ्या संस्थेतले ते गृहस्थ. शब्द त्याआधीही तुरळक छापला गेला होता, पण चारचौघांत हाक मारली ती त्यांनी. आणि हाक नेमकी होती. नुसतं ‘धुकं’ म्हटलं की दोष निसर्गाचा, जाब विचारायचा कोणाला? त्यात धूर कालवला की शेगडी, चिमणी, कारखाना, सगळे एका रांगेत उभे राहतात.

तरी लंडन पुढची जवळजवळ पन्नास वर्षं कोळसा जाळतच राहिलं. ५ डिसेंबर १९५२ला उतरलेलं धुरकं ९ तारखेपर्यंत हललं नाही. वर उबदार हवेचं झाकण, खाली घरोघरच्या शेगड्यांचा गंधकाचा धूर. बसपुढे कंडक्टर दिवा घेऊन पायी चालत. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात तर ऑपेराचा प्रयोग पहिल्या अंकानंतर थांबवावा लागला, कारण धुरकं आत शिरलं आणि प्रेक्षकांना रंगमंचच दिसेना. मृतांचा आकडा आधी ४,००० सांगितला गेला. नंतरच्या अभ्यासांनी तो १२,०००च्या आसपास नेला. स्वच्छ हवेचा कायदा १९५६मध्ये आला.

तिकडे लॉस एंजेलिसमध्ये १९४३पासूनच लोकांचे डोळे चुरचुरत होते. त्यालाही स्मॉगच म्हणत, पण तिथे ना लंडनसारखं धुकं, ना घरोघरी कोळसा. छडा लावला आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञांनी. त्याआधी ते अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते! मोटारींचा धूर आणि तेलाच्या वाफा यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवलं. वाकवलेली रबराची पट्टी त्या हवेत ठेवली की ओझोनमुळे तिला भेगा पडायच्या. म्हणजे हा स्मॉग भर उन्हातला. फॉग गेला, कोळशाचा स्मोक गेला, शिवण तेवढी राहिली.