कूलरचा बर्फ

काटोलहून आई-बाबा इथे आयर्व्हाइनला येऊन तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात बाबांनी शेजाऱ्यांचं लिंबाचं झाड, आमच्या नळाचं पाणी आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली कोथिंबीर या तिन्हींची तपासणी करून घेतली. दुसऱ्या आठवड्यात जेवताना मी सहज म्हटलं, की महिनाअखेरीस दोन दिवस बर्फात जाऊ, आमच्या लेकीला, ओवीला, स्कीइंग शिकायचंय. बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. जानेवारी महिना, निळंशार आभाळ, समोरच्या घरातला मुलगा अर्ध्या चड्डीत चेंडू आपटत होता.

"इथं पोट्टे उघडे फिरून राह्यले आन् तू बर्फ म्हणतेस?"

प्रश्न रास्त होता. नऊ वर्षांपूर्वी दक्षिण कॅलिफोर्नियात आले तेव्हा मलाही हे खरं वाटलं नव्हतं. पाऊस पडून हवा धुऊन निघाली, की फ्रीवेवरून ताडांच्या रांगेमागे पांढरी शिखरं दिसतात. पहिल्यांदा मला ते ढगच वाटले होते. आम्ही जाणार ते बिग बेअर सान बर्नार्डिनोच्या डोंगरात, आमच्यापासून शंभरेक मैलांवर. तिथलं तळंच पावणेसात हजार फुटांवर आहे. म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंची, असं सांगितल्यावर बाबांनी पहिल्यांदा मान हलवली.

पण खरं तर हे पोस्ट गेल्या वर्षीच्या फजितीमुळे लिहितेय.

गेल्या वर्षी आम्ही तिघं जानेवारीतल्या सोमवारच्या सुट्टीला जोडून गेलो. अख्खं लॉस एंजलिस त्याच विचारानं त्याच रस्त्यावर उतरलेलं. दोन-सव्वादोन तासांच्या रस्त्याला पाच तास लागले. पायथ्याशी रस्त्याकडेला, बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकांना लावतात त्या साखळ्या विकणारा उभा होता, त्यानं सांगितलेल्या भावात मुकाट्यानं घेतल्या, त्या वर जाऊन बघितल्या तर आमच्या टायरच्या मापाच्याच नव्हत्या. स्की-बूट भाड्यानं देणाऱ्या दुकानात फॉर्म भरताना नवऱ्यानं वजनाच्या रकान्यात दहा किलो कमी लिहिले. का, तर मागे रांगेत लोक उभे होते! वजन, उंची, वय आणि तुम्ही किती जपून चालवता यावरून किती जोर पडला की बूट स्कीतून सुटायचा ते ठरवतात. त्यामुळे दिवसभर जरा वळला की याची स्की सुटून पुढे आणि हा मागे. साडेअकराला आम्ही पहिल्यांदा लिफ्टपाशी पोचलो, एक वाजता ऊन असं तापलं की खालच्या उतारावर उसाच्या रसात घालतात तसला भुगा झाला. ओवी मध्येच बसून रडायला लागली. तिचं काही चुकलं नव्हतं.

म्हणून यंदा आधी कुठे जायचं, मग कधी, असं नीट बसून ठरवलं. मॅमथ सगळ्यात भारी, शिखर ११,०५३ फूट, आणि २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथं एवढं पडलं की ६ ऑगस्टपर्यंत लोक स्की करत होते. पण ते तीनशेहून जास्त मैल, आई-बाबांना गाडीत सहा तास बसवणं नको. माउंट बाल्डी जवळ, पण तिथं आभाळातून पडेल त्याच्यावर बरीच भिस्त. राइटवुडचं माउंटन हायही जवळ. तिथून सान अँड्रियासचा भूकंपाचा भेग-पट्टा जातो हे नवऱ्यानं आईसमोर बोलायची काही गरज नव्हती. ते बाद झालं. राहिलं बिग बेअर. तिथं स्नो समिट आणि बेअर माउंटन असे दोन डोंगर एकाच तिकिटावर आहेत. बेअर माउंटन म्हणजे स्नोबोर्डवरून उड्या मारणाऱ्या तरुण मंडळींचा अड्डा. आम्ही आपले स्नो समिटवाले.

आणि बिग बेअरला उन्हाचा बंदोबस्त चांगला आहे. हे दोन्ही डोंगर तळ्याच्या दक्षिणेला, म्हणजे त्यांचे उतार उत्तरेकडे तोंड करून. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो, त्यामुळे समोरच्या किनाऱ्यावर माती उघडी पडलेली असते आणि इकडे मात्र बर्फ टिकून राहतो. बाबांना हे लगेच पटलं. उत्तरेच्या ओसरीत माठ ठेवणाऱ्या माणसाला ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

दुसरी गोष्ट मात्र मी चुकीची सांगत होते. मी म्हटलं, पाऊस-बर्फ कमी पडला तरी तिथं मशीननं बर्फ करतात, रात्री गारठा पडला की झालं. बाबा म्हणाले, किती गारठा? शून्याच्या खाली? मी हो म्हटलं. नवरा, जो वजन खोटं लिहितो पण भौतिकशास्त्रात सहसा चुकत नाही, म्हणाला, नाही, हवा कोरडी असली तर पारा शून्याच्या एक-दोन अंश वर असतानाही जमतं. तोफेतून पाण्याचे बारीक थेंब उडवतात, कोरड्या हवेत त्यातलं थोडं पाणी उडून जातं, उडताना उरलेल्या थेंबातली उष्णता घेऊन जातं, आणि तो थेंब खाली पडेपर्यंत गोठतो. दमट हवेत पाणी उडतच नाही, मग तितकाच पारा असूनही नुसता चिखल.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे कूलरच झाला की बाप्पा हा!"

खरंच कूलर. आमच्याकडे मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या ओल्या करून लोखंडी कूलर घराची गुहा करून टाकतो, आणि मुंबईच्या आत्याकडे तोच कूलर नुसता घाम वाढवतो. नऊ वर्षं मी या बर्फावर पैसे घालवतेय आणि नागपूरच्या उन्हाशी त्याचं नातं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे इथलं कोरडं ऊन बर्फाचं पूर्ण वैरी नाही. दिवसा खातं, पण रात्री तीच कोरडी हवा भरपाई करून देते.

त्या दिवसापासून बाबांनी माझ्या फोनवरचं हवामान ताब्यात घेतलंय. तापमान बघत नाहीत, आर्द्रता बघतात. "आज एकोणसाठ टक्के. आज काही खरं नाही."

तारीख ठरवताना आईची अडचण वेगळीच निघाली. इथल्या चार बायकांना तिनं शुक्रवारी हळदीकुंकवाला बोलावलं होतं, वाण म्हणून द्यायला काटोलहून बॅगेत स्टीलच्या चाळण्या आणल्यात (चोवीस चाळण्या, वजन काट्यावर बघून मी गप्प बसले). शुक्रवार गेला. शनिवार-रविवार मी काढूनच टाकले. मग सोमवारी वर जायचं, मंगळवार पूर्ण आणि बुधवार सकाळ स्की, दुपारी खाली. ओवीची शाळा तीन दिवस बुडेल, तिच्या बाईंना मी खरं कारण कळवलं. आठवड्यामधल्या दिवसांची तिकिटं स्वस्त असतात आणि जितकी आधी घ्याल तितकी कमी पडतात, गेल्या वर्षी आम्ही खिडकीवर उभं राहून घेतली होती. त्यापेक्षा महाग तिकीट जगात नसेल.

मंगळवारचं वेळापत्रक सोपं आहे. लिफ्ट सुरू व्हायच्या तासभर आधी तिथं असायचं. पहिला तास उतार कडक असतो, रात्री गोठलेला, नांगरासारख्या रेघा ओढलेला. दहा ते बारा सगळ्यात छान. ओवीचा शिकायचा वर्ग तेव्हाच. एकच्या पुढे भुगा होतो, तेव्हा आपण बूट काढून तिळाच्या पोळ्या खात बसायचं. उन्हाळी प्रदेशातल्या स्कीचं हे एवढंच गणित, आणि गेल्या वर्षी आम्ही ते बरोबर उलटं केलं होतं.

आई-बाबा स्की करणार नाहीत. त्यांना मी टायरच्या ट्यूबवरून घसरायला नेणार आहे. आई म्हणाली, "मी बसणार नाही, मी बघणार." बघू. बाबांना रक्तदाबाची गोळी आहे, त्यांच्या डॉक्टरांना विचारून घेतलंय. सोमवारी वर पोचल्यावर काहीही करायचं नाही, फक्त पाणी पीत बसायचं.

साखळ्या यंदा डिसेंबरातच आणल्या, टायरवरचा आकडा दोनदा वाचून. कॅलिफोर्नियात बर्फ पडला की रस्त्यावर साखळ्यांच्या नियमाची पाटी लागते, आर-१, आर-२, आर-३, चढत्या कडकपणानं. आर-२ ला चारही चाकांनी ओढणारी गाडी आणि बर्फाचे टायर असतील तर सूट, पण साखळ्या डिकीत हव्याच. आर-३ ला कुणालाच सूट नाही. आमची गाडी पुढच्या चाकांची, म्हणजे आर-२ लाच साखळ्या, आणि त्याही पुढच्याच चाकांना. गेल्या रविवारी गॅरेजसमोर रंगीत तालीम झाली. नवऱ्यानं व्हिडिओ लावून फोन बॉनेटवर ठेवला. साखळी चाकामागे पसरली, आतला हूक अडकवायला हात घातला, हात बाहेर काढला, काळा झालेला, हूक सुटलेला. चाळीस मिनिटं. बाबा खुर्ची टाकून बघत होते. शेवटी उठले, लुंगी खोचली, म्हणाले, "जावईबापू, सरका बरं." साखळी जमिनीवर सरळ करून तिचे पीळ आधी काढले. मग दोन्ही हात चाकाच्या दोन बाजूंनी आत घालून न बघताच आतला हूक लावला, पुढून साखळी ओढून घेतली, बाहेरची कडी, रबराचा ताण. गाडी चार हात पुढे घ्यायला लावली आणि परत आवळली. एका चाकाला सहा मिनिटं. "चिखलात ट्रॅक्टरले लावून पाह्य एकदा, मंग हे काय हाये." नवरा तेव्हापासून जरा गप्प आहे.

रस्ता २१० नंबरच्या हायवेवरून ३३० नं रनिंग स्प्रिंग्ज गावापर्यंत, पुढे १८ नं तळ्याच्या धरणापर्यंत. वळणं भरपूर. मळमळणाऱ्यांसाठी रेडलँड्सकडून ३८ चा रस्ता, लांबचा पण बरा, आणि आई त्यात मोडते. काहीही असो, अंधारापूर्वी वर पोचायचं. दिवसा उन्हानं कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं आणि सूर्य गेला की तेच पाणी काचेसारखं गोठतं, दिसतसुद्धा नाही. पेट्रोलची टाकी पायथ्याशी भरायची, कारण फेब्रुवारी २०२३ च्या वादळात या डोंगरातले रस्ते बंद होऊन लोक कित्येक दिवस घरात अडकले होते.

आता बाबांची अट. सोमवारी जाताना रिव्हरसाइडला थांबायचं, एक झाड बघायला. झाड नेव्हल संत्र्याचं आहे, १८७३ साली एलायझा टिबेट्स नावाच्या बाईंनी लावलेलं. मूळ कलम ब्राझीलच्या बाहियातलं, वॉशिंग्टनच्या शेतीखात्यानं पाठवलं होतं. फळात बी नाही, त्यामुळे डोळा बांधूनच वाढवायचं, आणि कॅलिफोर्नियातलं वॉशिंग्टन नेव्हल सगळं त्या दोन रोपांच्या डोळ्यांवरून आलेलं. बाबांच्या मते ते संत्रं नव्हेच. "साल हातानं सुटत नाही तं ते संत्रं कायचं? मोसंबीची बहीण म्हण." तरी बघायचंय. संत्र्या-लिंबांची झाडं मारणाऱ्या ग्रीनिंग रोगाच्या भीतीनं हल्ली त्या झाडावर जाळी घातलेली आहे हे मी सांगितलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. काटोलच्या आमच्याही संत्र्याच्या बागेतली झाडं त्यानं गेलीत. यंदाचा मृग बहार त्यांनी झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकलाय आणि भाव अजून मला सांगितलेला नाही.

नकाशा बघताना मला आणखी एक सापडलं, ते मी बाबांना मुद्दाम सांगितलं. बिग बेअरचं तळं नैसर्गिक नाही. १८८४ साली खाली रेडलँड्सच्या संत्र्यांच्या बागांना पाणी मिळावं म्हणून तिथं पहिलं धरण बांधलं, १९१२ साली त्याहून उंच दुसरं. आज त्याच तळ्याचं पाणी उपसून तोफांतून डोंगरावर उडवतात, वसंतात त्यातलं बरंचसं वितळून परत तळ्यात येतं.

"म्हणजे तुम्ही लोक बागेच्या पाण्यावर घसरून राह्यले," बाबा म्हणाले. ओलिताच्या पाळीसाठी रात्री दोनला उठलेल्या माणसाचा आवाज होता तो. मी विषय बदलला.

सामान बहुतेक झालंय. मोजे एकच जोडी, पातळ लोकरीचे; गेल्या वर्षी दोन-दोन सुती घातले आणि घामानं पाय गारठले. जीन्स कुणीही घालायची नाही. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावायचं, कारण ऊन बर्फावरून उलटं वर येतं आणि नेमक्या तिथेच भाजतं. आईला हे पटलेलं नाही, तिनं मफलर घेतलाय. भाड्याचं सामान आदल्या दिवशी खालूनच घेणार आहोत. फॉर्म मी भरणार, वजन काट्यावर उभं करून.

आज शनिवार. रात्री दहाला स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर बाबा अंधारात माझा फोन घेऊन बसलेले. वरच्या उताराचा कॅमेरा लावला होता, पडद्यावर पिवळ्या दिव्यात पांढरी धूळ उडताना दिसत होती.

"अठरा टक्के," ते म्हणाले. "सारे कूलर चालू हायेत. जा, झोप."