वढाय ढोर आणि तव्यावरची भाकर

बहिणाबाई चौधरींच्या ओव्या आपण शाळेत पाठ करतो. 'अरे संसार संसार'चा अर्थ विचारला की उत्तर ठरलेलं: संसारात आधी कष्ट, मग सुख. उत्तर चुकीचं नाही, पण त्यात तवाच नाही. खान्देशातल्या असोद्याच्या या बाईला (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. जे सांगायचं ते तिनं हातातल्या कामातूनच सांगितलं. म्हणून आधी ते काम नीट पाहावं.

'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर.'

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. दळून फार दिवस झाले की त्याची विरी, म्हणजे बांधून राहायचा गुण, जाते, मग भाकर थापताना कडेनं चिरते. खान्देशात कळण्याच्या भाकरीला चार वाट्या ज्वारीमागे साधारण एक वाटी सालीचे उडीद दळतात. उडदानं पीठ बांधून येतं. गरम पाण्यात तळहातानं रगडून मळायचं, परातीत थापायचं आणि पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकायचं. खरी परीक्षा इथे आहे. भाकर सपाट बसायला हात तव्याच्या अगदी जवळ न्यावा लागतो. चटक्याच्या भीतीनं वरूनच सोडली तर ती दुमडते, खाली हवा राहते, कच्चे डाग पडतात. लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा, तेव्हा वाफ बोटांना लागते. ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची; उशीर झाला की तडे जातात. तवा निवलेला असेल तर चटका बसत नाही, पण भाकर तव्याला चिकटते.

म्हणजे चटका ही भाकरीची किंमत नाही, ती भाकर करायची रीतच आहे. 'आधी' या शब्दाचं वजन मला तिथे दिसतं. तिसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या बाईनं याच कवितेत पुढे संसाराला खोटं म्हणू नका असं सांगावं, हे मला फार मोठं वाटतं.

दुसरी ओवी मनाची: 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर.' वढाय म्हणजे वढाळ. खान्देशी बोलीत 'ळ'चा 'य' होतो, तसंच मिळते-मियते. छापताना कुणी तो 'सुधारू' नये. घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, दळताना जशी म्हणतात तशी मोठ्यानं म्हटली की 'वढाय वढाय' मधली ओढ कानाला लागते.

वढाळ म्हणजे नुसतं चुकार नव्हे. हिरव्या पिकाची चटक लागलेलं जनावर मार खाऊनही तिथेच वळतं. त्याच्या गळ्यात लोढणं बांधतात: लाकडाचा ओंडका, पळायला लागलं की पुढच्या पायांवर आपटणारा. ओवीत लोढणं नाही, आहे ते नुसतं हाकलणं, पुन्हा पुन्हा. मनाच्या गळ्यात काय बांधणार?

आणि ढोर हाकलायचं ते फक्त पीक वाचवायला नसतं. गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, त्यातही पावसानं ओढ दिलेली, जनावराला विषारी असते. पोटभर खाल्ली तर ते दगावतं. शेतकऱ्याला हे माहीत असतं. ढोराला फक्त हिरवा रंग दिसतो, आणि बांधावरून हाकललेलं ते पलीकडून पुन्हा आत शिरतं.